गळ्याखालचे खळगे

"डॉक्टर, हिला जरा भरा," बॉस खुर्चीमागून म्हणाले. "क्लायंट म्हणतो, बाई आजारी दिसते."

पडद्यावरची मॉडेल साबणाच्या जाहिरातीसाठी उघड्या खांद्यांनी हसत होती. तिच्या गळ्याखाली दोन खळगे होते, चमचाभर पाणी राहील एवढे.

"गेल्या वेळी बारीक करायला सांगितलं होतं ना?"

"बारीक हवीच आहे. फक्त उपाशी दिसायला नको."

डॉक्टर म्हणजे खरे डॉक्टर नव्हेत. जाहिरातीच्या फोटोंवर अखेरचा हात फिरवायचं काम ते करत, आणि रक्ताचा थेंब न सांडता त्यांनी इतक्या कमरा कापल्या होत्या, की ऑफिसने ही पदवी देऊन टाकली. बाईला सुरकुती नसते, तिचं कोपर काळं नसतं आणि तिची मांडी मांडीला लागत नाही, ही बातमी घरोघर पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पोटापाण्यासाठी लोक याहून वाईट कापतात.

त्यांनी खळगे बुजवले, बरगड्यांवर कातडी ओढली. पण हात रेंगाळला. तसले खळगे हल्ली त्यांच्या घरीही होते.

सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती. मुलीला कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मागची भिंत पांढरी करून द्या, एवढंच बायकोने सांगितलं होतं. भिंत पांढरी झाली. पण सवयीचा हात, जाता जाता गालांवरून आणि हनुवटीखालूनही फिरला. ते डॉक्टरांच्या ध्यानातही आलं नाही. मुलीच्या आलं.

"बाबा, माझे गाल?"

"लाइट तसा असेल," डॉक्टर म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती फोटोकडे बघत बसली, दुकानातली महाग वस्तू काचेतून बघावी तशी. मग ते कार्ड तिच्या गळ्यात लटकू लागलं. आधी रात्रीचं जेवण गेलं, मग सकाळचं. "मैत्रिणीकडे खाऊन आले" हे इतक्यांदा ऐकू येई, की त्या मैत्रिणीच्या आईची डॉक्टरांना दया येऊ लागली. बायको म्हणे, अहो, वयच तसं आहे. शेवटी मुलगी कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली.

दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं ते आईबापांना. तिच्या अंगाबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही. वाळलीस म्हणायचं नाही, भरलीस तर मुळीच म्हणायचं नाही. वजन आणखी उतरलं तर हृदय साथ देणार नाही, असंही त्या म्हणाल्या, उद्याच्या हवामानाबद्दल बोलावं तितक्या शांतपणे.

पथ्य पाळलं गेलं. हल्ली मुलगी स्वतःहून ताटावर येऊन बसू लागली होती. दोन घास, कधी चार. नवराबायको खाली मान घालून जेवत, पाखरू उडेल म्हणून श्वाससुद्धा बेतानेच घेत.

राहिली होती परगावची आजी. तिचं काळीज नाजूक, म्हणून तिला काहीच कळवलं नव्हतं. आणि ती रोज फोनवर नातीचा फोटो मागत होती. खरा फोटो पाठवायची सोय नव्हती. मॉडेल भरून झाल्यावर डॉक्टरांनी मुलीचा ताजा फोटो उघडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता, मन लावून काम केलं. गाल परत आणले. गळ्याखालचे खळगे बुजवले. हनुवटीखालची जुनी वळीसुद्धा जागच्या जागी बसवली. फोटो आजीला पाठवून दिला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. मुलीने भाताचा पहिला घास उचलला आणि फोन वाजला. बायकोचा हात खरकटा. तिने डाव्या हाताने स्पीकर लावला.

"पोरीचा फोटो मिळाला गं," आजी म्हणाली. "कशी गुटगुटीत झालीय. गाल तर नुसते ओघळताहेत. मी मेली उगाच काळजी करत होते. चांगली खातेय की."

बायकोने घाईघाईने फोन बंद केला; पण ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

मुलीने बाबांकडे एकदाच पाहिलं. मग हातातला घास तिने परत ताटात ठेवला, बाकीच्या भाताला लावला, बोटांनी कडा मिळवल्या, वरून हलकेच सारखा केला.

डॉक्टर ताटाकडे बघत राहिले. घास कुठून उचलला होता, त्याची खूण कुठेच उरली नव्हती.