पिशवीवरचा हात

इंदापूरच्या शाळेमागच्या मैदानात रघुनाथ गुरुजी खो-खो शिकवत. ते ओरडत नसत. मुलगा चुकला की त्याला जवळ बसवून घेत, धुळीत बोटानं रेघा ओढत आणि सांगत, बघ, तू इथून वळलास म्हणून तो तिकडून निसटला. मुलगा पुन्हा चुकला तर पुन्हा रेघा. का करायचं हे सांगितल्याशिवाय मुलाला काहीही करायला लावू नये, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत. सबंध नोकरीत ते त्यांनी एकदाच मोडलं, १९३६ सालच्या मार्गशीर्षात.

त्या महिन्यात बारामतीच्या एका बोर्डिंगचे चालक येऊन गेले होते. त्यांच्याकडं खो-खोचा संघ उभा राहत होता. संक्रांतीनंतर इंदापूरचा एक मुलगा घेऊ म्हणाले. राहणं, जेवण, इंग्रजी शाळा, सगळं त्यांच्याकडं. मुलगा कोणता ते गुरुजींनी ठरवायचं. इंदापुरात तेव्हा सातवीपुढं शिकायची सोय नव्हती. ज्याच्या बापाला बारामतीला किंवा पुण्याला मुलगा ठेवणं झेपे तो पुढं जाई, बाकीचे बैलांमागं लागत.

गुरुजींच्या मनात चालक बोलत असतानाच एक नाव आलं होतं. सिद्धू. बसल्या जागेवरून 'खो' मिळाला की हा पोरगा उठलेला दिसायचाच नाही, एकदम पळतानाच दिसायचा. खांबाला वळसा घालताना त्याचा पाय घसरत नसे आणि पाळी संपली तरी त्याचा श्वास जागेवर असे. बाप लहानपणीच गेलेला. आई बानूबाई बाजारात धान्याच्या दुकानांपुढं बसून व्यापाऱ्यांची ज्वारी-बाजरी निवडून, पाखडून द्यायची आणि दिवस मावळताना उंबऱ्याशी सांडलेलं झाडून पदरात बांधून न्यायची. त्या झाडलेल्या दाण्यांवर दोघांची भाकरी चालायची.

गुरुजींचा सिद्धूवर जीव आहे हे गावाला माहीत होतं. मोहनराव वकिलांनाही माहीत होतं. त्यांचा आनंद चांगला पळायचा, मुलगाही गुणी होता. एकदा चावडीपुढं चारचौघांत मोहनराव हसत म्हणाले, "निवड कसली करता गुरुजी? लाडक्याचं नाव घाला आणि मोकळे व्हा. आमच्या पोराचे उगीच पाय दुखवू नका."

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य त्यांच्या मानेवर बसून होतं. खोटं काय बोलले मोहनराव? नाव आधीच ठरलं होतं की. त्या दिवशी गुरुजींनी मनाशी ठरवलं की आपल्या आवडीला इथं जागा नाही, माप सांगेल तोच मुलगा जाईल.

मापासाठी त्यांच्याजवळ एक घड्याळ होतं. उन्हाळ्यात पुण्याला व्यायामाच्या वर्गाला गेले असताना घेतलेलं, दाबलं की चालणारं, दाबलं की थांबणारं. पण घड्याळ एका सरळ धावेचं माप देतं. खो-खो म्हणजे काही एक सरळ धाव नव्हे. बसायचं, उठायचं, झेपावायचं, गपकन थांबायचं, वळायचं, पुन्हा बसायचं. त्यात कोणाचं अंग किती झिजतं, कोण खरा राबतो आणि कोण नुसता मैदानात असतो, ते घड्याळाला कळत नाही.

ते कसं मोजावं हे त्यांना बारामतीच्या रस्त्यावर सुचलं. पुढं एक बाजरीची गाडी चालली होती आणि एका पोत्याला भोक पडलं होतं. रस्ता सरळ होता तिथं दाण्यांची बारीक रेघ पडत होती, चाक खड्ड्यात आदळलं तिथं मुठीएवढा ढीग. गुरुजी सायकलवरून उतरले आणि त्या रेघेकडं बघत उभे राहिले. मुलाच्या कमरेला असंच पोतं बांधलं तर? जितका पळेल, जितका झटक्यानं वळेल, तितकं सांडेल. खेळ संपला की तागडीत घालून बघायचं.

त्यांनी वाळू घालून पाहिली, ती भोकात अडकली. राख डोळ्यांत उडाली. बाजरी मात्र घरंगळत नीट पडली. तळाशी भोक ठेवून पिशव्या त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी जुन्या धोतराच्या शिवायला घेतल्या, पण आत काय घालायचं ते ऐकल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली.

"अहो, धान्य पायाखाली घालायचं?"

गुरुजींनी समजावलं की बाजरी किडकी आहे, कोणी खाणार नाही.

"किडकी झाली तरी बाजरीच ना ती," असं म्हणून त्यांनी उरलेल्या पिशव्या शिवल्या आणि पुढं चार दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत.

मुलांना मात्र गुरुजींनी काही सांगितलं नाही. जास्त सांडेल तो जास्त पळाला, हे कळलं तर एखादा जागच्या जागी उड्या मारून पिशवी रिकामी करील, मग माप कसलं? म्हणून एवढंच म्हणाले, की ही उजव्या कमरेला बांधा आणि नेहमीसारखं खेळा. आनंदनं विचारलं, ही कशाला? गुरुजी म्हणाले, नंतर कळेल. पहिल्या दिवशी पायाखाली दाणे आले की मुलं वाकून बोट टेकवत, कपाळाला लावत. दुसऱ्या दिवसापासून विसरली. खेळात कोणाच्या लक्षात राहतंय?

आणि त्याच दिवसापासून सिद्धूचं पळणं बिघडलं. उजवा हात त्यानं कुशीशी घट्ट धरलेला असायचा, खांद्यातून वाकल्यासारखा पळायचा. वळताना तोल जाई. एक हात अंगाला चिकटलेला पोरगा किती पळणार? घड्याळात तो आनंदच्याच नव्हे, आणखी दोघांच्या मागं पडला. गुरुजींना वाटलं, कुशीत कळ येत असेल, दम कमी पडत असेल. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं.

"काय न्हाय, गुरुजी," सिद्धू म्हणाला. "बरा हाय की मी."

मग गुरुजींनी जास्त विचारलं नाही. लाडक्याची जास्त चौकशी करायची नाही, हेही त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

निवडीच्या संध्याकाळी तागडी मैदानात आणली. मोहनराव आले होते, आणखी चार माणसं होती. एकेकाची पिशवी पारड्यात पडत गेली. आनंदची जवळजवळ रिकामी. इतरांची कोणाची अर्धी, कोणाची पाऊण. सिद्धूची ठेवली तर पारडं खाली टेकलं. सकाळी भरली होती तशीच होती ती.

गुरुजींनी मान वर केली. सिद्धू हसत होता. सगळा चेहरा उजळून, दात दाखवून, शाबासकीची वाट बघणारं पोर हसतं तसा.

गुरुजींनी इतक्या वर्षांत कोणा मुलाला चारचौघांत बोल लावला नव्हता. पण ते हसू त्यांना उद्धटपणाचं वाटलं. आपला जीव आहे म्हणून जागा आपल्यालाच मिळणार, असं धरून हा नुसता मैदानात उभा राहिला, असं त्यांना वाटलं, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याचाच राग जास्त येतो.

"हसतोस काय?" ते म्हणाले. "लाज वाटली पाहिजे."

सिद्धूचं हसू लगेच गेलं नाही. ते ओठांवर तसंच राहिलं, त्याला जावं की थांबावं ते कळत नसल्यासारखं. मग त्यानं कमरेची रिकामी नाडी सोडली, घडी घालून गुरुजींच्या पायाशी ठेवली आणि तो मैदानाच्या कडेला जाऊन बसला. मोहनरावांनी जाताना गुरुजींचा हात हातात घेतला. माणूस असावा तर असा निःपक्षपाती, असं ते दोन-तीनदा म्हणाले. गुरुजींना त्या रात्री शांत झोप लागली.

संक्रांत झाली, आनंद बारामतीला गेला. सिद्धूला त्याचा मामा महिपती शेळगावला गुऱ्हाळावर घेऊन गेला. निघताना पोरगा शाळेत येऊन गुरुजींच्या पाया पडला आणि गेला.

पुढच्या बाजारच्या दिवशी बानूबाई गुरुजींच्या दारात आली. आत येईना. पदराखालून एक गाठोडं काढून तिनं ओट्यावर ठेवलं.

"शाळंची बाजरी हाय," ती म्हणाली. "सिद्धू रोज खेळ झाल्यावर मैदानातली येचून आणायचा. शाळंचं धान्य हाय, परत द्यायचं हाय, म्हणायचा. मी पाखडून, माती काढून ठिवली. त्येला जायच्या घाईत ध्यान राहिलं न्हाय."

गुरुजींनी गाठोडं सोडलं. एकही खडा नव्हता. किडका दाणासुद्धा नव्हता, तेवढे तिनं वेगळे काढून कोपऱ्यात निराळी पुरचुंडी बांधली होती.

बानूबाई सांगत होती. पहिल्या दिवशी पोरगं घरी येऊन म्हणालं, आये, गुरुजींनी फाटकी पिशवी बांधायला दिलीया, पळताना दाणं पायाखाली पडत्यात, काय करू? "मी म्हनलं, येड्या, भोकाला हात लाव की." ती हसली. "गुरुजींनी पारखायलाच दिली आसंल म्हनलं, कोन किती जपतंय त्ये बघायला. तसंच हुतं न्हवं?"

गुरुजींनी गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली. द्वारकाबाई आतून दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडं पाहिलं, बानूबाईला बसायला पाट दिला आणि गूळ-पाणी आणायला आत वळल्या.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी बारामतीला गेले. बोर्डिंगच्या चालकांना त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चालक भले होते, पण जागा भरलेली होती. पुढच्या वर्षी बघा म्हणाले, आणि मुलाचं वय ऐकल्यावर, पुढच्या वर्षी वयात बसणार नाही, असंही म्हणाले. आनंदला काढा असं गुरुजींना म्हणता येणार नव्हतं. अंगणात तो नव्या सवंगड्यांबरोबर खेळत होता. गुरुजींना बघून पळत आला, पाया पडला. त्याचा काय दोष?

तिथून ते शेळगावला गेले. नदीची कोरडी, चाळलेली वाळू त्यांनी एका पिशवीत भरून घेतली होती. या पिशवीला भोक नव्हतं. का घेतली, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

गुऱ्हाळावर चरक चालू होता. दोन बैल गोल फिरत होते आणि त्यांच्यामागं सिद्धू गोल फिरत होता. पायाखाली पिळलेल्या उसाच्या चोयट्यांचा खच. पळणाऱ्या पोराला दिवसभर त्या एका रिंगणात चालताना बघून गुरुजी बांधावरच थांबले. महिपतीनं बैल सोडल्यावर ते पुढं झाले. सिद्धूनं पाया पडून काहिलीतला गरम रस आणून दिला. रस तसाच हातात धरून गुरुजींनी विचारलं, हात का धरला होतास पिशवीवर?

"ज्याचं कमी सांडंल त्यो चांगला, आसं वाटलं मला," सिद्धू म्हणाला. "माझं कायच सांडलं न्हवतं, गुरुजी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी माप घेत हुता. मधी कसं बोलायचं?"

गुरुजींनी मग मैदानातल्या धावेएवढं अंतर पावलांनी मोजलं आणि वाळूची पिशवी काढली. ही बांध, म्हणाले, आणि या बांधावरनं त्या बाभळीपर्यंत पळून दाखव. दोन्ही हात मोकळे सोड. सिद्धूनं पिशवी चाचपली. भोक नव्हतं. तो निर्धास्त झाला आणि पळाला.

कुठलीही रेघ ओढून दाखवायची गरज नव्हती. तेच पाय, तोच न दिसणारा उठाव. बाभळीशी पोचला तेव्हा गुरुजींनी घड्याळ दाबलं आणि बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. इंदापूरच्या मैदानावर तो काटा इतक्या अलीकडं कधीच थांबला नव्हता.

सिद्धू धापा न टाकता परत आला. "किती, गुरुजी?"

खोटं सांगावं, असं गुरुजींच्या मनात आलं. पण या पोरापासून एकदा लपवून झालं होतं.

"सगळ्यांत कमी वेळ," ते म्हणाले.

"आनंदपरीस?"

"आनंदपेक्षाही. फार कमी."

सिद्धूचा चेहरा उजळला. अगदी त्या संध्याकाळसारखा. गुरुजी त्या हसण्याकडं बघत राहिले. हळूहळू ते मधोमध थांबलं. पोरगा हुशार होता. सगळं त्यानं तिथंच, उभ्या उभ्या जुळवलं. त्यानं बाभळीकडं पाहिलं, मग चरकाकडं. मग पिशवी सोडून, नाडीची घडी घालून गुरुजींच्या हातात दिली.

गुरुजी त्याला म्हणाले, माझं चुकलं रे. ते पुढंही बोलणार होते, पण सिद्धूनं मान हलवली. त्याला दुसरंच काही सांगायचं होतं.

"आयला नका सांगू, गुरुजी. भोकाला हात लाव म्हनून तीच बोलली हुती. तिला वाटंल, तिच्यामुळंच झालं."

महिपतीनं हाक मारली. सिद्धू बैलांकडं गेला.

गुरुजी इंदापूरच्या पेठेत परतले तेव्हा दिवस मावळत आला होता. बानूबाई सूप घेऊन बसली होती. त्यांना बघून ती उभी राहिली. सिद्धू भेटला का, बरा हाय का, खातोय का, असं सगळं एकदम विचारलं. गुरुजींनी सगळ्याला होय म्हटलं.

"आन् पळतुय का आजून?"

"पळतो," गुरुजी म्हणाले. "फार छान पळतो."

"मग बारामतीला का वो न्हाय घेतला त्येला?"

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. कुठल्याही मुलानं विचारलेल्या 'का'ला त्यांनी आजवर उत्तर दिलं होतं, एका खेपेखेरीज. आज उत्तर तोंडाशी होतं.

"जागा एकच होती," ते म्हणाले.

बानूबाईनं मान डोलावली. एकच असली की व्हायचंच, म्हणाली, आणि खाली बसून सुपाच्या कडेनं सांडलेले दाणे तळहातानं गोळा करू लागली. गुरुजीही तिच्यासमोर मातीत बसले आणि एकेक दाणा वेचून सुपात टाकू लागले. नको, नको गुरुजी, तुमी कशाला, असं ती म्हणत राहिली. दुकानांच्या फळ्या लागेपर्यंत ते काही उठले नाहीत.