दत्तूकाकाचा मेल

कंपनीनं दत्तात्रेयला स्टोअरकीपर केलं तेव्हा त्याच्या नावाचा एक ई-मेलही काढून दिला, आणि तिथंच त्याची पंचाईत झाली. गोदामात कुठला व्हॉल्व्ह कुठल्या कप्प्यात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस, पण इंग्रजी मेल उघडला की त्याला दरदरून घाम फुटायचा. म्हणून संध्याकाळी हातपाय धुऊन तो शेजारी, धाकट्या भावाच्या, धर्माजीच्या ओटीवर यायचा आणि पुतणीला हाक मारायचा, "अमे, बघ गो, सायबानं काय धाडलंय."

अमिषा तेव्हा बारावीत होती. तेव्हापासून आठ वर्षं काकाचा प्रत्येक मेल तिनं वाचून दाखवला आणि प्रत्येकाला उत्तर लिहिलं. रजेचा अर्ज तिचा, बढतीचा अर्ज तिचा. ज्या अर्जावर काकाला चांगल्या कामाबद्दल शाल आणि नारळ मिळाला तोही तिचाच. मॅनेजर काकाच्या इंग्रजीचं कौतुक करतो, हे काकानंच घरी येऊन पोट धरून हसत सांगितलं होतं.

पासवर्ड मात्र त्याच्या लक्षात राहायचा नाही. चारदा खातं बंद पडल्यावर अमिषानं तो ठेवला 'लांबडी'. लांबडी हे त्यांच्या भातशेताचं नाव, ते काका मरेपर्यंत विसरणार नव्हता. चौलच्या अलीकडचं ते लांबट शेत पस्तीस वर्षांपूर्वी कंपनीच्या कुंपणात गेलं. आता तिथं ट्रकांचा वजनकाटा आहे. सातबारा एक, नावं दोघा भावांची, आणि एका सातबाऱ्याला नोकरी एकच, एक रिटायर झाला की मग घरातल्या दुसऱ्याला. मोठा म्हणून दत्तात्रेय लागला. त्या वेळी गावदेवीपुढं नारळावर हात ठेवून तो बोलला होता, "आज मी लागतोय, पुढची पाळी धर्माच्या घराची." धर्माजीला तो दिवस शब्दन् शब्द आठवतो.

आणि धर्माजीच्या घरात अमिषा एकटीच. त्या एका शब्दावर तिनं बीकॉम केलं, मग एसटीचे धक्के खात अलिबागला जाऊन स्टोअर्सचा कोर्स केला. चांगली दोन स्थळं आली, ती पुढं ढकलली. "काका रिटायर होऊ दे, मग बघू," असं आईला सांगत ती रेवदंड्याच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरत बसली होती. तिला दुसरं काही नकोच होतं. आपल्या शेताच्या जागेवर आपण पायानं चालत कामाला जायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

जानेवारीत काकाचा मुलगा निकेश घरी आला. उरणला कंटेनर यार्डात कंत्राटावर होता, तिथं त्याचं काही खरं नव्हतं. ओटीवर बसून चहा पिताना तो म्हणाला, "ताई, बाबांचं ओझं किती दिवस वाहशील? मेल सगळे माझ्या आयडीवर वळव ना. तुला कशाला तरास?"

"व्हय गो," काका म्हणाला, "पोरीला किती राबवायचं मानसानं!"

अमिषाला भरून आलं. आठ वर्षांत कुणाला तरी सुचलं म्हणायचं! तिनं तिथल्या तिथं सेटिंग उघडलं, निकेशचा पत्ता घातला आणि मेल त्याच्याकडे वळवले. 'मूळ प्रत ठेवा' या चौकोनावर बरोबरची खूण केली, ती दुकानातल्या सवयीनं. मग काकाचं खातं आपल्या मोबाइलवरून काढून टाकलं, कारण दुसऱ्याचा मेल वाचू नये एवढी तिला अक्कल होती. काका तेव्हा तिच्याकडं बघत होता की खाली बघत होता, ते तिनं नंतर शंभरदा आठवून पाहिलं.

एप्रिलमध्ये काकू, सत्यवती, पेढ्यांचा पुडा घेऊन आली. "निकेशचं नाव लागलं हो कंपनीत! ह्यांच्या जागेवर."

अमिषाच्या हातातला पेढा हातातच राहिला. ती तशीच उठून काकाच्या घरात शिरली. काका रिटायर व्हायच्या आधीची शिल्लक रजा घेऊन घरी बसला होता, पंख्याखाली पाय पसरून.

"काका, गावदेवीपुढं काय बोलला व्हतास तू?"

"बोललो व्हतो, न्हाय कुठं म्हनतोय. धर्माला पोरगा असता तर दिली असती. तू उद्या लगीन करून जाशील. लांबडीची नोकरी काय परक्याच्या घरी धाडू?" आणि वर मानभावीपणानं म्हणतो, "तुला पोटच्या पोरीसारखी मानलीय हां मी."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दुकानात बसून तिनं कंपनीच्या नावे हरकतीचा अर्ज लिहिला, छापला आणि बापापुढं ठेवला. धर्माजीनं तो हातातसुद्धा घेतला नाही. "मोठा हाय तो. त्याच्याविरुद्ध मी कागद करनार न्हाय."

"आनि माझं काय, बाबा?"

धर्माजी उठून गुरांकडं गेला. गोठ्यात बांधायला एकच गाय होती, तरी तासभर तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अमिषानं काकाच्या मेलचं पान उघडलं आणि 'लांबडी' टाइप केलं. खातं उघडलं. निकेशनं पासवर्ड बदलला नव्हता, कारण बदलला असता तर काकाला आठवला नसता. तिनं ठेवलेल्या प्रती एकाखाली एक पडून होत्या.

फेब्रुवारीतला कंपनीचा मेल होता, वारसाचं नाव कळवा म्हणून. सातबाऱ्यावरच्या दुसऱ्या हिस्सेदाराच्या घरात पात्र कुणी असल्यास तेही कळवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. खाली काकाच्या खात्यातून, काकाच्या नावानं गेलेलं उत्तर. सुरुवातीची दोन वाक्यं तिचीच, जुन्या अर्जातून जशीच्या तशी उचललेली. शेवटचे आभारही तिचेच. मधलं वाक्य तेवढं निकेशचं होतं, माझ्या भावाला मूलबाळ नाही. सोबत मराठीत संमतिपत्र जोडलेलं, त्यातही तेच. त्याखाली धर्माजीची सही, वाकडी, शेवटची वेलांटी वर गेलेली. अमिषानं ती शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं पाहिली होती.

संध्याकाळी तिनं बापाला विचारलं, "काकानं कशावर सही घेतली तुझी?"

"कंपनीचा कायतरी कागद व्हता."

"वाचलास?"

"दादाचा कागद वाचायचा कशाला?"

तक्रार करायची तर आपल्या बापानं खोटं लिहून दिलं म्हणून करावी लागणार होती, आणि बापाला कंपनीच्या दारात उभं करायचं तिच्यानं होईना. ज्यांनी गळा कापला ते भिंतीपलीकडं पेढे वाटत होते. त्या रागातच दुसऱ्या दिवशी तिनं एक गोष्ट केली. मेल निकेशकडं वळवायची सोय काढून टाकली. कशासाठी, ते तिला तेव्हा धड माहीत नव्हतं.

दोन मे रोजी कंपनीचा मेल आला. उमेदवारानं मूळ कागदपत्रांसह बारा तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत स्वतः हजर व्हावं, न आल्यास या सातबाऱ्यावरचा नोकरीचा हक्क कायमचा संपेल, दुसरी सूचना दिली जाणार नाही. अमिषानं तो तीनदा वाचला. हक्क निकेशचा संपणार होता तसा तिचाही. सांगितलं असतं तर निदान लांबडीची नोकरी घरात राहिली असती. दहा दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळी ती सांगायचं ठरवायची, आणि रोज काकू कुंपणावरून निकेशच्या नव्या बुटांचं कौतुक ऐकवायची.

बारा तारखेला निकेश मित्रांना घेऊन काशीदला पोहायला निघाला. मोटरसायकलवरून ओरडला, "ताई, काय आणू तुला?"

"काय नको," ती म्हणाली. आणि आता सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलंही होतं, पण तो हसत होता. गेला.

पंधरा तारखेला काका ओटीवर आला. मागं निकेश, पडलेल्या तोंडाचा. पलीकडच्या गावातल्या पोराचे कागद तपासून झाले, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "अमे, निकेशच्या मोबाइलवर काय दिसत न्हाय गो. तू जरा बघ ना."

धर्माजी खांबाला टेकून बसला होता. अमिषानं मोबाइल घेतला. "पासवर्ड सांग, काका."

"लांबडी," काका म्हणाला.

सगळ्यात वर पडलेला कंपनीचा नवा मेल तिनं नेहमीसारखा वाचून दाखवला, इंग्रजी वाचून मग मराठीत, एक शब्द न गाळता. उमेदवार हजर झाला नाही, हक्क संपला, विषय बंद.

"पन बोलावनं कुठं आलं?" काका ओरडला.

"आलं होतं. दोन तारखेचं आहे, हे बघ."

"माझ्याकडं का नाही आलं?" निकेश पुढं झाला. "तू काढलंस फॉरवर्ड!"

"व्हय," अमिषा म्हणाली. "मीच घातलं होतं, मीच काढलं."

काकाचं तोंड पांढरं पडलं. शिव्या देईल असं तिला वाटलं होतं. पण तो तिच्यासमोर खालीच बसला आणि तिचा हात धरला. "पोरी, झालं ते झालं. तुझं विंग्रजी चांगलं हाय. सायबाला इनंती लिव. निकेशचं जाऊ दे, तुझंच नाव घाल. धर्माची पोरगी म्हनून घाल."

अमिषानं हात सोडवून घेतला. "धर्माला मूलबाळ न्हाय, काका. तसं लिहून दिलंय कंपनीला."



"कुनी लिवून दिलंय?" धर्माजीनं विचारलं.

काकानं मान खाली घातली. अमिषानं संमतिपत्र उघडलं, अक्षरं मोठी केली आणि मोबाइल बापाच्या हातात दिला. धर्माजीनं खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मग एकेक अक्षर लावत, ओठ हलवत, तो वाचायला लागला.