न पडलेला ठोका

मित्रांनो, मला पाहिलं की बहुतेक जण विचारतात, "हे वाजतं कसं?" खरं सांगायचं तर मी वाजतच नाही. मी संगीत बनवताना लॅपटॉपला जोडतात तसा एक जुना कंट्रोलर आहे. शाळेच्या वहीएवढं काळं अंग, त्यावर सोळा गोल नॉब, आठ उभे स्लायडर आणि खाली बटणांची ओळ. माझ्या पोटात तार नाही, भाता नाही, स्पीकरही नाही. कुणी नॉब फिरवला की मी वायरीतून लॅपटॉपला एक आकडा सांगतो, शून्य ते एकशे सत्तावीस यांतला कुठलाही. त्या आकड्याचं काय करायचं ते लॅपटॉप ठरवतो. म्हणून मला नेहमी कुतूहल वाटे, की मी पाठवलेल्या आकड्याचं पुढे होतं तरी काय?

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथून खोक्यात बसून मी आलो तो थेट मारुंजीला, ऋतिक नावाच्या आयटीतल्या तरुणाच्या भाड्याच्या फ्लॅटवर. सुरुवातीला त्यानं माझं फार कौतुक केलं. फोटो काढले, मित्रांना दाखवलं. तीन महिन्यांत त्याची हौस फिटली आणि मी कपाटावर गेलो, जुन्या ब्लँकेटखाली. तिथे चार पावसाळे काढले. ओल लागून माझा चौथा स्लायडर बिघडला. तो एका जागी ठेवला तरी त्याचा आकडा थरथरत राही. वापरात नसलेल्या वस्तूला वेळ मोजता येत नाही मित्रांनो, तिला फक्त धूळ मोजता येते.

मग एके दिवशी ऋतिकनं घर बदललं आणि मला त्याच्या ओळखीच्या दिव्याला देऊन टाकलं.

दिव्या चाकणच्या एका मोठ्या कंपनीत मशीनचं प्रोग्रॅमिंग करते. राहते चिखलीला, पत्र्याच्या वर्कशॉपांना लागून असलेल्या एका तीन मजली इमारतीत. तिनं मला पुसलं, लॅपटॉपला जोडलं आणि मला पहिल्यांदा माझ्या कुतूहलाचं उत्तर मिळालं. तिच्या पडद्यावर लहानलहान चौकोन होते. एक चौकोन आवाज वाजवणारा, एक तो ताणणारा, एक त्याचे तुकडे करणारा. दिव्या ते चौकोन दोऱ्यांसारख्या रेघांनी एकमेकांना जोडायची. दोरी बदलली की गाणंच बदलायचं. मी सांगितलेला आकडा एका टोकानं आत शिरायचा आणि दुसऱ्या टोकानं कधी घुमत, कधी कण्हत बाहेर पडायचा. कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, रिक्षाचं इंजिन, दिव्या कशाचंही संगीत करून बघायची. शेजारपाजारचे म्हणायचे, "ही पोरगी गाणी बनवते की रेडिओ बिघडवते?"

समोरच्या खोलीत कस्तुरामावशी राहायच्या. मूळच्या औशाकडच्या. नवरा अर्जुनराव एका सोसायटीत वॉचमन. मावशी मागच्या गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं प्रेस मशीनवर होत्या. पत्रा आत ठेवायचा, ठोका पडला की तयार तुकडा बाहेर काढायचा, की पुढचा पत्रा. दिवसाला हजारो. रविवारी मात्र त्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या आणि मंडळाला त्यांच्या पेटीचा फार अभिमान होता.

मी चिखलीत आलो त्याच्या सहा महिने आधी त्या मशीननं मावशींच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली. पेटी खाटेखाली गेली. ते सोडा, मागच्या गल्लीतला ठोका दिवसभर घरात ऐकू यायचा आणि प्रत्येक ठोक्याला मावशी दचकायच्या. हातातलं भांडं निसटायचं. अर्जुनरावांनी तर ठरवलंच होतं, "दिवाळीपस्तोर बघू, न्हाईतर गावाकडं जाऊ परत."

दिव्याला वाटलं, आपण काहीतरी करावं. आठवडाभर खपून तिनं पडद्यावर पेटी बनवली. माझं एक बटण म्हणजे एक स्वर. मावशींना बोलावून म्हणाली, "डाव्या हातानं वाजवा, उजव्या अंगठ्यानं हा स्लायडर सरकवा. भात्याचं काम तो करेल."

मावशींनी थोडा वेळ वाजवलं. आवाज हुबेहूब पेटीचा होता. मी अगदी खूश झालो होतो.

"छान केलीस गं," मावशी हात मागे घेत म्हणाल्या. "पण ही पेटी न्हाई. लेकरू रडल्यावानी आवाज काढला म्हणून लेकरू होतंय का?"

दिव्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या गल्लीत ठोका पडला. मावशी दचकल्या, त्यांचा हात माझ्यावर आपटला आणि माझे चार-पाच आकडे एकदम सुटले. स्पीकरमधून विचित्र किंकाळी निघाली. दोघीही घाबरल्या, मग दोघीही हसल्या. हसता हसता मावशी थांबल्या आणि माझ्याकडे निरखून बघू लागल्या.

"तुझ्या ह्या डबीत तो ठोका घालता येतंय का?"

"कुठला? मशीनचा?" दिव्या चपापली. "कशाला मावशी?"

"बघायचंय मला. अकरा वर्षं ऐकला, पन त्याच्या आत काय असतंय ते कधी बघितलं न्हाई."

दिव्यानं दुसऱ्या दिवशी गल्लीत उभं राहून मोबाईलवर ठोका रेकॉर्ड केला. तो पडद्यावरच्या चौकोनात घातला आणि वाजवला. मावशी उठून बाहेर निघून गेल्या. आठ दिवस आल्या नाहीत. दिव्या स्वतःला दोष देत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा कपाट.

पण पुढच्या रविवारी दुपारी त्या आपणहून आल्या. दाराजवळच म्हणाल्या, "लाव. पन कळ माझ्या हातात दे."

दिव्यानं माझा पहिला स्लायडर त्यांना दिला. "हा वर नेला की ठोका लांबतो. जितका वर, तितका संथ."

मावशींनी तळहाताच्या कडेनं तो हळूहळू वर नेला. चाळीस. सत्तर. शंभर. अर्ध्या क्षणाचा ठोका अर्ध्या मिनिटाचा झाला. आणि मित्रांनो, त्याच्या आत केवढं काय काय होतं! आधी चाकाचा एक लांब सुस्कारा. मग पट्ट्याची कुरकुर. मग कुणीतरी दार लोटावं तशी घुमघुम. आणि सगळ्यात शेवटी, पत्र्याचा एक बारीक, गोड झंकार.

मावशी पुढे झुकल्या. "थांब! अगं, ही तर पांढरी पाच हाय!"

"काय?"

"पेटीची पाचवी पांढरी पट्टी गं, तिच्या सुरात बोलतोय पत्रा! जा, पेटी आण माझी खाटेखालची."

पेटी आली. दिव्यानं भाता मारला, मावशींनी डाव्या हातानं पट्टी दाबली. पत्रा आणि पेटी एकाच स्वरात बोलत होते. मावशी कितीतरी वेळ नुसत्या ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं माझ्या कानापशी गात होता आन् मला पत्ताच न्हाई."

त्या दिवसापासून रोज कामावरून आल्यावर दिव्या आणि मावशी मला घेऊन बसू लागल्या. मावशींना सगळं जाणून घ्यायचं असे. ही दोरी इथून काढली तर? हा चौकोन उलटा लावला तर? दिव्याला सुचले नसते असे प्रश्न त्या विचारत. माझा थरथरणारा चौथा स्लायडर दिव्या दुरुस्त करायला निघाली, तर मावशींनी तिला थांबवलं. त्याच्या थरथरीनं पत्र्याचा झंकार एखाद्या गळ्यासारखा हलत होता. माझ्या दोषाचं असं कुणी कौतुक करील असं मला कधी वाटलं नव्हतं. भांडी निसटणंही कमी झालं. गल्लीत ठोका पडला की मावशी आता मान तिरकी करून ऐकायच्या.

अर्जुनरावांना मात्र हे रुचलं नाही. एकदा ते दारातूनच बोलले, "ज्यानं बोटं खाल्ली त्याचंच गानं करायलीस?"

मावशींनी माझ्यावरचा हात काढला नाही. "त्यानं न्हाई खाल्ली. त्या मशीनला दोन बटनं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याबिगर ठोका पडूच नये, हात बाहेरच ऱ्हावे म्हणून. काम लवकर व्हावं, एक हात मोकळा ऱ्हावा म्हणून एक बटन कायम दाबून चिकटपट्टीनं बांधून ठेवलं होतं. मशीननं बांधलं व्हय ते? माणसानं बांधलं. मीबी रोज बघत होते, आन् बोलले न्हाई."

अर्जुनराव आत येऊन भिंतीला टेकून बसले. "लाव," म्हणाले. "मलाबी ऐकू दे."

मार्च महिन्यात दिव्याच्या कंपनीत सुरक्षा सप्ताह होता. आसपासच्या लहान वर्कशॉपमधल्या बायकांनाही बोलावलं होतं. दिव्यानं साहेबांना विचारून मावशींसाठी दहा मिनिटं मागून घेतली. कॅन्टीनमध्ये टेबलं बाजूला सारली, मला मधे ठेवलं. समोर दीडशे माणसं. मावशींचा तळहात माझ्यावर आला तेव्हा घामानं ओला होता.

पहिले ठोके वाजले तसे मागे कुणीतरी हसलं. "जेवनाच्या सुट्टीतबी मशीन व्हय?" मग ठोके लांबले. सुस्कारा आला, घुमघुम आली, पांढरी पाचचा झंकार आला आणि मावशी त्या स्वरात हळूच गुणगुणू लागल्या. हसणं थांबलं. त्या बायकांच्या अंगात ती लय रोजचीच होती. काही जणींचे हात मांडीवर आपसूक हलू लागले. पत्रा आत, ठोका, तुकडा बाहेर. पत्रा आत, ठोका, तुकडा बाहेर. मावशी वेग वाढवत गेल्या. वाढवत गेल्या. सगळं कॅन्टीन त्या वेगात ओढलं गेलं.

आणि पत्रा आत सरकल्याचा आवाज झाला तेव्हा मावशींनी अंगठ्यानं माझं शेवटचं बटण दाबलं.

ठोका पडला नाही.

दीडशे माणसं श्वास रोखून त्या ठोक्याची वाट बघत राहिली. मावशींनी उजवा हात वर उचलला, अंगठा आणि करंगळी, आणि तसाच धरून ठेवला. मी एकही आकडा पाठवत नव्हतो. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम होतं.

"इथं थांबाय पायजे होतं ते मशीन," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढच्या रांगेतली नेहा नावाची एक तरुण बाई, चाकणजवळच्याच गावातली, उठून मावशींपाशी आली. म्हणाली, "मावशे, आमच्याबी मशीनचं बटन बांधल्यालं हाय. रोजच बघतो आमी. कुनी काय बोलत न्हाई."

मावशींनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि एकेक बोट चाचपून बघितलं.

पंधरा दिवसांनी नेहा चिखलीला घर शोधत आली. पर्समधून तिनं चिकट काळ्या पट्टीचा एक बोळा काढला आणि माझ्याशेजारी ठेवला. "सोडली, मावशे. मालक दोन दिस लय ओरडला. मंग बाकीच्या बायांनीबी आपापली सोडली. आता काम जरा हळू व्हतंय, व्हऊ दे."

त्या दिवशी अर्जुनरावांनी स्वतः चहा केला. गावाकडे जायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूनं शेवटी आपली निगा राखा असं सांगायचं असतं. तेही सांगतो. आम्हाला ओल लागू देऊ नका आणि हौस फिटली तर कपाटावर कोंडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात द्या. पण मला राहवत नाही म्हणून आणखी एक मागणं मागतो. संध्याकाळी तुमचे आई-बाबा, काका-मावशी कारखान्यातून घरी येतील, तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "हात आत असला की तुमचं मशीन थांबतं ना?" उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर पुन्हा विचारा.