शेवटच्या पिठाचं घर

मी एक जुना पुठ्ठा आहे, मित्रांनो. बुटांच्या खोक्यातून कापलेला. माझे तीन तुकडे आहेत: एक बाजूची भिंत, एक पुढची टोकदार भिंत आणि एक छप्पर. पिठाच्या पोळीवर मला ठेवायचं आणि कडेनं सुरी फिरवायची, एवढंच माझं काम.

नाताळच्या आधी आमच्याकडे घरोघरी लेबकुखनचं घर बांधतात. लेबकुखन म्हणजे मध आणि मसाले घातलेलं जाड, तपकिरी बिस्कीट. ते घर मुलांनी सजवायचं, पण खायचं नाही. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते फोडायचं आणि मगच खायचं.

मला कापलं कुनिगुंडे बाईंनी. त्यांची मुलगी रोस्वीटा तेव्हा चार वर्षांची होती आणि खोकं तिच्याच बर्फातल्या बुटांचं होतं. बाई कामाला पक्क्या होत्या. ऑक्टोबरात पीठ मळायच्या आणि मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्याखाली तळघरात मुरायला ठेवायच्या. किती मध, कोणता मसाला, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं.

नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी त्या मला डब्यातून काढायच्या. ट्रे ओव्हनमधून बाहेर यायच्या वेळी मात्र स्वयंपाकघरात कुणाला थारा नसे.

"चला, पळा इथून. पलीकडं बसून गोळ्या निवडा. लाल वेगळ्या, हिरव्या वेगळ्या. आणि खाऊ नका, मोजल्यात मी."

मोजलेल्या कधीच नसत. पण मुलं पळत. आधी रोस्वीटा पळाली, पुढं तिची मुलं, क्लेमेन्स आणि लिओबा, पळू लागली. ती बाईंना ओमा म्हणत, म्हणजे आजी. दार लागलं की बाई मला पुन्हा उचलायच्या. ते पीठ भाजताना रुंदीला पसरतं. म्हणून गरम, मऊ भिंतीवर मला दुसऱ्यांदा ठेवायचं आणि बाहेर आलेली कड कापून टाकायची. दोन मिनिटांत उरकावं लागतं, नाहीतर भिंत कौलासारखी कडक होते. मला चटका बसायचा, पण मी खूश असायचो. कापलेल्या कडा बाई स्वतः खायच्या. मला वाटतं, मुलांना बाहेर घालवण्याचं खरं कारण तेच असावं.

मग एका वर्षी नोव्हेंबरात, सकाळीच, बाईंचं हृदय थांबलं.

रोस्वीटा घर आवरायला आली. तिनं कपडे बांधले, भांडी वाटली. ती रडली नाही. शेवटी तळघरात गेली आणि तिला ते भांडं दिसलं. फडकं वाळलं होतं, पण खालचं पीठ चांगलं होतं. आईनं महिन्यापूर्वी मळलेलं. ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मग भांडं आणि माझा डबा तिनं आपल्या घरी नेला.

"हे पीठ एकदाच आहे," तिनं मुलांना सांगितलं. "सांडू नका, चाखू नका. ओमाचं शेवटचं घर आहे हे."

ठरलेल्या रविवारी तिनं पोळी लाटली, मला ठेवलं आणि चारही भिंती नीट कापल्या. मग मला खिडकीपाशी सरकवलं. ट्रे बाहेर आला. भिंती फुगून पसरल्या होत्या. तिनं त्या तशाच निवायला ठेवल्या.

मित्रांनो, ती दोन मिनिटं मी कशी काढली ते कसं सांगू? मी हाताच्या अंतरावर होतो. मला उचल, असं मी जिवाच्या आकांतानं ओरडत होतो. पण पुठ्ठ्याला आवाज नसतो. भिंतींतून वाफ निघाली, कमी झाली, थांबली.

अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घोटून तिनं भिंती जोडल्या. कोपरे जुळेनात. घर कलंडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा कलंडलं, आणि एक भिंत मधोमध तडकली.

"हे घर नाहीच," क्लेमेन्स म्हणाला. "हे वाल्टरकाकांचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी ठोकल्यानंतरचं."

रोस्वीटानं हातातली तडकलेली भिंत खाली ठेवली.

"आई, काय करायचीस गं तू?" ती हळूच म्हणाली. "चाळीस वर्षं दर नाताळला तुझ्या घरात होते. एकदाही विचारलं नाही."

लिओबा टेबलाला टेकून उभी होती. "मम्मा, ओमा आपल्याला बाहेर घालवायची ना? तेव्हा काय करायची?"

रोस्वीटानं तिच्याकडं पाहिलं. मग मला उचललं आणि उलटं केलं. माझी पाठ करपून तपकिरी झाली आहे. कडेला सुरीचे खोल वार आहेत. कच्चं पीठ असा डाग पाडत नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्या डागावरून बोट फिरवलं आणि तेव्हा कुठं, इतक्या दिवसांनी, ती रडली.

छपरापुरतंच पीठ उरलं होतं. ते भाजून बाहेर येताच तिनं मला गरम छपरावर दाबलं. मला चटका बसला. मुलं या वेळी जवळच उभी होती. कापलेल्या कडा तिघांनी खाल्ल्या. भिंतींच्या कडा तिनं किसणीनं घासघासून सरळ केल्या, तडा साखरेनं लिंपला. लिओबानं त्यावर बदाम लावले, क्लेमेन्सनं गोळ्या. घर वाकडं होतं, पण उभं राहिलं.

सहा जानेवारीला रोस्वीटा म्हणाली, "या वर्षी नको फोडूया."

"ओमा म्हणायची, न खाल्लेलं घर उंदरांचं," लिओबा म्हणाली.

मग फोडलं. रोस्वीटानं आपला तुकडा चावला नाही. विरघळेपर्यंत तोंडात धरून ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं माझ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'गरम असताना पुन्हा ठेवणे.' पुढच्या ऑक्टोबरात ती रिकामं भांडं घेऊन बसली. आत वाकून वास घेत राहिली. मध किती? दालचिनी होती की लवंग? तिनं चार वेळा पीठ मळलं. चारही वेळा ते दुसऱ्याच कुणाचं झालं. भिंतीचं माप मी देऊ शकतो, मित्रांनो. पिठाचं माझ्याकडं नाही. ते आता कुणाकडंच नाही.

माझे कोपरे झिजले आहेत. मला जपा, असं मी म्हणणार नाही. दुसरा पुठ्ठा कापता येतो. एवढंच मागतो, की स्वयंपाकघरातून कुणी तुम्हाला हाकललं, तर लगेच पळू नका. दारात थांबा, मागं वळून त्या हातांकडं बघा, आणि विचारा.