चारशे अकरावे मत

दोन जून १९९२ रोजी आमच्या डॅनिश बेटावर ४११ जणांनी मत दिले. माझ्यातून ४१० मतपत्रिका निघाल्या.

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. ओकच्या लाकडाची, पितळी कुलपाची. त्या दिवशी प्रश्न एकच होता: युरोपच्या नव्या करारात आपल्या देशाने सामील व्हावे का? मोजणीत 'हो' २०५ आणि 'नको' २०५ भरले. उरलेले एक मत कुठेच सापडेना.

शाळेतल्या मतदान केंद्राची जबाबदारी गुद्रुनकडे होती. तिची मासेमारीची बोट होती आणि ती 'नको'वाली, हे सर्वांना ठाऊक होते. तिच्या बहिणीचा नवरा व्हिगो डुकरे पाळून परदेशी पाठवी, तो 'हो'वाला.

"एक 'हो' गिळलास ना, गुद्रुन?" त्याने भर शाळेत विचारले.

"गिळायला ते काय हेरिंग मासा आहे, मेल्या? ये, झाड माझा एप्रन!"

तिने खिसे उलटे केले. टेबलांखाली पाहिले, राय धान्याच्या पावाचे डबेसुद्धा उघडले. चार वेळा मोजूनही ४१०च. वीस वर्षे बिनचूक काम केलेल्या त्या बाईकडे लोक दुकानात पाठ फिरवू लागले. तिने जबाबदारी सोडली. मला उत्तर ठाऊक होते. पण पेटीला तोंड असते ते मत घेण्यापुरते.

देशाचा कौल 'नको' असा लागला. मग सरकारने करारातल्या चार बाबतींत सूट मिळवली. चलन आपलेच, सैन्यही आपलेच. एवढी सूट घेऊन करार हवा का, यावर अकरा महिन्यांनी पुन्हा मतदान ठरले. तोवर हिवाळाभर मी शाळेतल्या शेगडीजवळ पडून होते.

त्या मतदानाला केंद्रप्रमुख व्हिगो होता. पेटी रिकामी आहे हे पहिल्या मतदाराला दाखवण्याचा आमच्याकडे रिवाज आहे. पहिली आली गुद्रुन.

"नीट दाखव," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."

व्हिगोने मला उलटे धरून बुडावर थाप मारली. घडी घातलेली एक मतपत्रिका खाली पडली. त्याने ती उघडली. फुली कुठेच नव्हती. पेन्सिलीने लिहिले होते, 'हो, पण सगळ्याला नाही.'

"हे तर बाद मत," तो पुटपुटला.

"तेव्हा बाद. आज सरकार हेच तर विचारतंय. आता मोठ्यानं सांग, कुठं होतं ते."

व्हिगोने टोपी काढली. "पेटीत होतं. गुद्रुननं घेतलं नव्हतं. मी चुकलो."

मित्रांनो, माणसाचे खिसे तपासण्याआधी पेटीचे बूड तपासा. कारण एवढेच होते: १९४७ साली माझी कुजकी तळफळी न काढता कोणीतरी तिच्यावर दुसरी ठोकली. ओलाव्याने ती वाकली आणि कडेला तीन मिलिमीटरची फट पडली. मत त्या फटीतून दोन फळ्यांच्या मधे गेले. शेगडीच्या उबेने फळी आकसली, फट रुंदावली, आणि ते बाहेर आले.