चेहरा झाकलेला माणूस

“चेहरा तर तुमी झाकला व्हता ताई. तुमची काय चूक न्हाई,” भीमराज म्हणाला, आणि मोशीतल्या त्याच्या खोलीतून उठून पळून जावं असं मैत्रीला वाटलं.

चूक तिचीच होती. यंत्रांचं विज्ञान, गावांचा इतिहास आणि कालपरवाची बातमी यांची सांगड घालून ती लिहायची, माहितीपट करायची. या खेपेला विषय होता प्रेस मशीनवर तुटणारी बोटं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवून काम कसं उरकून घेतात, हे भीमराजने नाव न सांगण्याच्या अटीवर कॅमेऱ्यासमोर सांगितलं. तिने त्याचा चेहरा पुसट केला, आवाज बदलला. दोन बोटं गेलेला उजवा हात मात्र तसाच ठेवला. तो शॉट तिला फार आवडला होता, आणि आता त्या आवडीचीच शरम वाटत होती. कारखान्यात माणसं एकमेकांना हातावरून ओळखतात, हे तिला, एका कामगाराच्याच मुलीला, कळायला हवं होतं. सुपरवायझरने फिल्म बघताक्षणी ओळखलं आणि भीमराजला गेटवरूनच परत पाठवलं.

“मी तो शॉट काढून टाकते, भाऊ.”

“आता काढून काय उपेग? एक काम करा. चाकणचा एक ठेकेदार मला घ्यायला तयार हाय. पन त्यानं बी फिल्म बघितलीय. इचारतो, त्यो तूच का? मी न्हाई म्हनलो. त्याला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

चहा गाळता गाळता त्याची बायको शालनबाई म्हणाली, “तुमी सांगितलं तर त्यो ऐकंल. तुमी खरं बोलता, समद्यांना ठावं हाय.”

मैत्रीने फोन लावला. भीमराजला ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू ठेवला.

“नाही, फिल्ममधला माणूस भीमराज नाही,” ती म्हणाली.

“हात तसाच दिसतोय, मॅडम.”

“तसे हात चाकणमध्ये पुष्कळ आहेत.”

“तेही खरंच. मग तो कोण होता?”

“तो इथून गेला. गावी.”

“बरं झालं,” ठेकेदार हसून म्हणाला. “असली तोंडाळ माणसं दारात उभी करू नयेत. चार चांगल्या माणसांच्या पोटावर पाय येतो. बरोबर ना?”

मैत्रीने वर पाहिलं. समोर बसलेल्या भीमराजने फोनकडे बघत, साहेब पुढ्यात असल्यासारखी, मान डोलावली.