चेअरमनच्या पाहुण्यांची शिकार

तलावावर रखवालदार झाल्यापासून व्यंकट घरातही शिट्टी गळ्यात घालून वावरे, आणि ती बघितली की मुक्ताबाईच्या कपाळाची शीर उठे.

"आवं, चुलीम्होरं तरी काढा ती. का भाकरीला सलाम ठोकायला लावताव?"

व्यंकट नुसता हसे. त्या हसण्याचाच तिला जास्त राग. बाहत्तरच्या दुष्काळात याच तलावाच्या कामावर तिनं डोक्यावरून माती वाहिली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. दहा वर्षांनी त्याच भिंतीवर पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन आबाराव यांनी 'नौकाविहार केंद्र' अशी पाटी ठोकली, सोलापूरहून निळी होडी आणली, सिमेंटचे दोन बाक बांधले. तलावातलं पाणी गावात आणायची पाइपलाइन काही सोसायटीला सुचली नाही. होडी मात्र सुचली.

आणि त्या होडीचा राखणदार तिचा नवरा! पोरांना भिंतीवरून हाकलायचं, म्हशी पाण्यात उतरू द्यायच्या नाहीत, चेअरमनची जीप दिसली की ताठ उभं राहायचं.

"आमच्या म्हशीनं पाणी नासतंय व्हय?" ती विचारी. "आन पावण्यांच्या बाटल्या काय गंगाजळ हायती?"

पौषात करकोचे आले. दरसाल यायचे. सकाळी हरभऱ्यात उतरत, तेव्हा गाव शिव्या देत डबे बडवून त्यांना हाकलून लावी. पण दुपारी ते तलावाच्या पल्याडच्या गाळावर मान खाली घालून उभे राहिले, की त्यांच्या वाटेला कुणी जात नसे.

एका रविवारी आबाराव सोलापूरच्या एका बड्या साहेबाला घेऊन आले. जीपमधून आधी बंदुका उतरल्या, मग मटणाचं पातेलं. मुक्ताबाई नवऱ्याची भाकरी घेऊन भिंतीखाली उभी होती. आबारावांचा आवाज तिला नीट ऐकू आला.

"व्यंकट, होडी घेऊन पल्याड जा. जेवन उरकलं की आमी बाभळीआड बसतो. म्या रुमाल हलवला की शिट्टी फुंक. पाखरं थेट सायबांच्या डोक्यावरनं आली पायजेत."

"व्हय मालक."

ते 'व्हय मालक' ऐकून मुक्ताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. व्यंकट होडी सोडायला खाली आला, तेव्हा तिनं भाकरीचं फडकं त्याच्या हातात जवळजवळ आदळलं.

"जावा. आजपतुर पोरं हाकलली, आता पाखरं हाकला. मालकानं सांगितलं तर उद्या मला बी हाकलाल."

तो होडीत चढला. वल्ही मारत निघून गेला.

ती घरी जाणार होती, पण थांबली. आपला माणूस किती खाली वाकतो, ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून थांबली.

वर सतरंजी अंथरली गेली. बंदुका बाभळीला टेकवून ठेवल्या. करकोच्याचं मटण कसं शिजवावं, हे साहेब हातातलं हाडूक नाचवत सांगत होता, आणि आबाराव "वा सायेब, वा!" म्हणत मान डोलवत होते. पाखरू अजून गाळावर उभं होतं, आणि यांचा मसाला वाटून झाला होता.

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, थांबेचना.

अख्खा थवा एकदम उठला. क्षणभर पाण्यावर सावली पसरली, आणि करकोचे ओरडत डोंगराकडं निघून गेले. साहेब रश्श्याच्या हातानंच बंदुकीकडं धावला. त्याचा पाय पातेल्यात गेला, बंदूक हातातून निसटता निसटता उडाली, आणि छर्रे 'नौकाविहार केंद्रा'च्या पाटीत घुसले. साहेबाच्या हाती तेवढीच शिकार लागली.

होडी काठाला लागायच्या आत आबाराव पाण्यापर्यंत उतरले होते.

"रुमाल हलवला व्हता का म्या?"

"हात पुसताना हलला, मालक," व्यंकट खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, हीच खूण."

आबारावांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी हिसकून घेतली. उद्यापासून येऊ नको म्हणाले.

घरच्या वाटेवर मुक्ताबाईचं तोंड सुटलं. "शिट्टी फुंकायचं काम, ते बी जमंना! शेंबडं पोरगं फुंकील."

"जमलं की," व्यंकट म्हणाला.

"काय जमलं?"

"तोंडात घास असला की मानसाच्या हातात बंदूक नसती. ते जेवाया बसायची वाट बघत व्हतो."

ती थांबली. मग त्याच्या हातातलं भाकरीचं फडकं ओढून घेऊन तरातरा पुढं चालू लागली.

दोनेक दिवसांनी सोसायटीचा शिपाई पिराजी दारात आला. चुकलं म्हणा, चेअरमनचे पाय धरा, नोकरी परत मिळंल, असा निरोप. व्यंकटनं बायकोकडं पाहिलं. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"पिराजी भावजी, त्यांना म्हनावं पाय धरायची लई हौस असंल तर सायबाचं धरा. तुमाला सराव हाय. आमच्या मानसाला जमायचं न्हाय."

व्यंकट येरमाळ्याच्या रस्त्यावर रोजगार हमीची खडी फोडायला जाऊ लागला. रखवालदारीवर आबारावांनी स्वतःचा भाचा चिकटवला. करकोचे परत आले आणि सकाळी पुन्हा हरभऱ्यात उतरले. गावानं पुन्हा शिव्या घातल्या.

आडावर बायका म्हणत, मुक्ताच्या नवऱ्यानं येडेपणानं नोकरी घालवली. मुक्ताबाई घागर उचले आणि चालू लागे. खरं काय ते या गावाला सांगावं, एवढी गावाची लायकी आहे असं तिला वाटत नव्हतं.